एका कान्याचा फरक

आमच्या शाळेची सहल दरवर्षी एकाच ठिकाणी जायची. सेवाग्रामला. वर्ध्याहून आठ किलोमीटर, पायी, डब्यात पोळी आणि लोणचं. दुसऱ्या दिवशी ‘मी पाहिलेला आश्रम’ हा निबंध ठरलेला. सातवीत असताना त्या निबंधात मी आश्रमाच्या अकरा व्रतांची यादी दिली आणि ‘अस्वाद’च्या जागी ‘आस्वाद’ लिहून मोकळा झालो. गुरुजींनी लाल शाईनं तो काना खोडला, मला बाकावर उभं केलं आणि म्हणाले, “काऊन बे, बापूजींनं जिंदगीभर जिभेले लगाम घातला, अन् तू एका कान्यात घोडं सोडून देल्लं?”

अस्वाद म्हणजे चवीसाठी खायचं नाही. अन्न औषधासारखं घ्यायचं, शरीर चालावं म्हणून. १९४२च्या जूनमध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार आठवडाभर सेवाग्रामला राहिला होता. पालक आणि भोपळ्याचं तेच ते उकडलेलं प्रकरण लागोपाठ पानात पाहून त्यानं थेट गांधीजींकडेच कुरकुर केली. गांधीजींनी त्याला मीठ आणि लिंबू भरपूर घे, असं सुचवलं. म्हणजे परीक्षकानं नापास केलेला पदार्थ यजमानानं मीठ-लिंबावर वरच्या वर्गात ढकलला. आमच्या जिल्ह्यातल्या चव-परीक्षेची मला ठाऊक असलेली ही सर्वांत जुनी नोंद.

ज्या मातीत हे व्रत रुजलं तिथं दारू विकू नये, असं सरकारला वाटलं आणि सत्तरच्या दशकापासून वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आली. बंदी आहे म्हणजे दारू नाही, असं समजू नका. बंदी आणि दारू एका वाड्यातल्या दोन जावांसारख्या नांदतात. एकमेकींशी बोलत नाहीत, पण एकीचं दुसरीवाचून चालतही नाही. मात्र ही जी काही दारू आमच्याकडं मिळते ती चाखायची नसते. अंधारात, उभ्यानं, नाक दाबून ती एका दमात रिचवायची असते. त्यामुळं दारूला चव असते आणि ती बसून, उजेडात, नाक उघडं ठेवून घ्यायची असते, ही बातमी वर्ध्याला फार उशिरा पोहोचली. २७ जानेवारी २०२२ला राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला मंजुरी दिली तेव्हा पहिल्यांदा वाइन आमच्या ओट्यावर आली, चर्चेला. वाइन म्हणजे दारू की नाही, यावर महाराष्ट्रभर रणं माजली. आम्हीही तावातावानं भांडलो. त्या निर्णयातच लिहिलं होतं की दारूबंदी असलेले जिल्हे यातून वगळले आहेत. पण ज्या जेवणाचं आपल्याला बोलावणंच नाही, त्यातल्या मिठावरून भांडायला आम्हाला नेहमीच जोर येतो.

यात मी आणखी पडलो नसतो. पण आमची मुलगी दिली नाशिकला. जावई कंपनीत, आणि व्याही निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात. पहिल्यांदा तसं म्हणालो तेव्हा ते इकडंतिकडं बघायला लागले, तिसराच कोणी आला की काय म्हणून.

इवाई माणूस सोन्यासारखा. आयुष्यभर द्राक्षं काढली आणि व्यसन म्हणाल तर चहाचं, तोही बिनसाखरेचा. त्यांनी मला बाग दाखवली. वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. युरोपात द्राक्षं ऑगस्टनंतर उतरतात, नाशिकला जानेवारी ते मार्च. बागेच्या कडेला दोन-तीन ओळी वेगळ्या होत्या. घड बारके, मणी करवंदाएवढे. मी एक तोंडात टाकला. साल जाड, आत बिया, गर नावापुरता, पण गोडी अशी की दात शिवशिवले. म्हटलं, “हे कुपोषित कोण?”

“ही वाइनची,” इवाई म्हणाले. “खायला कोणी घेणार नाही, म्हणून प्यायला देतात.”

मग त्यांनी एक काळा मणी नखानं फोडून माझ्या तळहातावर पिळला. रस पाण्यासारखा, फिक्का. काळ्या द्राक्षाच्या पोटातही रस बहुधा पांढराच असतो, रंग सगळा सालीत. सालीसकट आंबवलं की तांबडी वाइन आणि साल काढून नुसता रस आंबवला की पांढरी. शँपेनमध्ये तर पुष्कळदा काळीच द्राक्षं असतात, साल लागलीच बाजूला केलेली. मी तळहाताकडं बघत राहिलो. इतकी वर्षं लाल-पांढऱ्याचं जे काही गूढ माझ्या मनात होतं, ते एका न पिणाऱ्या माणसानं नखानं फोडलं.

दुसऱ्या दिवशी जावयानं आम्हा नवरा-बायकोला वाइन चाखायला नेलं. नाशिकला हे आता काळारामाच्या दर्शनासारखं झालंय. राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून आले, त्यांनी सुला उभी केली, २००० साली पहिली वाइन निघाली. त्याच्याही आधी ऐंशीच्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुल्यांनी फसफसणारी वाइन काढली होती, ‘ओमर खय्याम’ या नावानं ती परदेशी जायची. पुढं २००१ला सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं आणि गंगापूर धरणाच्या परिसरात शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग लागू लागली. आम्ही गेलो ती वाइनरी यातली कोणती, हे सांगत नाही. तिथं आमच्याकडून जे घडलं त्यात तिचा काही दोष नाही.

काउंटरवर मुलगी हसून म्हणाली, “वेलकम सर.” मी म्हटलं, “परवाना?” तिला कळेना. महाराष्ट्रात दारू प्यायला कायद्यानं परवाना लागतो, हे पिणाऱ्यांना सहसा माहीत नसतं. न पिणाऱ्या वर्धेकराला मात्र महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ पाढ्यासारखा येतो. विदेशी दारूचा एका दिवसाचा परवाना पाच रुपये, देशीचा दोन. जावई कानाशी लागून म्हणाला, “बाबा, ते बघतात सगळं, तुम्ही बसा.” आमच्या हिनं पदर डोक्यावरून घेतला. नाशिकमध्ये तिला कोण ओळखणार होतं? पण वर्ध्याची बाई वर्धा सोबत घेऊन फिरते.

पुढ्यात एकामागून एक पाच ग्लास येणार होते, प्रत्येकात दोन बोटं. दोन बोटं म्हणजे आडवी, उभी नव्हे. मुलगी आमच्या मुलीपेक्षाही लहान. तिनं सांगितलं, आधी ग्लास तिरपा करून रंग बघायचा, मग दांडा धरून गोल फिरवायचा, मग नाक आत घालून वास घ्यायचा, मग घोट, तो तोंडात सगळीकडं घोळवायचा, आणि मग बोलायचं.

हे मी कुठं तरी पाहिलंय, असं वाटत राहिलं. पहिल्या ग्लासाशी आठवलं. कापसाचा ग्रेडर! एकाधिकार खरेदीच्या काळात वडलांबरोबर बैलगाडीवर बसून हिंगणघाटच्या बाजारात जायचो. ग्रेडर असाच यायचा. गाडीतून चिमूटभर कापूस उचलायचा, उन्हाकडं धरायचा, दोन्ही हातांच्या बोटांनी धागा ओढायचा, पुन्हा जोडायचा, पुन्हा ओढायचा, फुंकर मारायचा. सगळी रांग त्याच्या तोंडाकडं बघत उभी. मग तो कुठं तरी लांब बघत एक शब्द उच्चारायचा, “एफएक्यू”. सुपर का नाही, हे कोणी विचारायचं नाही. वडील परत येताना एवढंच म्हणायचे, “त्याले दिसलं असन काही.” वाइनच्या परीक्षकातही हीच ताकद आहे. त्याला काय दिसलं हे आपल्याला दिसत नाही, पण भाव त्याच्या शब्दावर ठरतो.

पहिली पांढरी, सोव्हिन्यों ब्लाँ. मुलगी म्हणाली, यात हिरवी सिमला मिरची, कापलेलं गवत आणि लिंबू येतं. जावयानं फोनवर वाचून भर घातली की काही जाणकारांना या जातीत मांजराच्या मुताचा वास येतो आणि तो चांगला मानतात. हिनं ग्लास अंगठ्यानं पलीकडं सरकवला. “पैसे देऊन?” एवढंच म्हणाली.

पण जावई काही थापा मारत नव्हता. १९८४ साली अ‍ॅन नोबल या कॅलिफोर्नियातल्या प्राध्यापक बाईंनी वाइनच्या वासांचं एक चक्र तयार केलं, राशिचक्रासारखं. आतल्या वर्तुळात फळ, फूल, लाकूड, माती असे मोठे गट, बाहेर बारकावे. त्यात स्ट्रॉबेरी आहे तसं ओलं कुत्रंही आहे, रॉकेलही आहे. जुन्या रीझलिंगला रॉकेलचा वास आला की रसिक डोळे मिटतात. काही जुन्या तांबड्या वाइनला गोठ्याचा वास येतो आणि त्यावर माणसं हजारो रुपये मोजतात. आमच्या वर्ध्यात गोठ्याचं इतकं मोठं काम झालं, गोरस भांडार निघालं, गोरसपाक घराघरांत गेला, पण गोठ्याचा वास बाटलीत भरून विकायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. आपण मागं राहतो ते असं.

चक्रात बघा, स्ट्रॉबेरी, ब्लॅकबेरी, ब्लॅककरंट, व्हॅनिला, सगळा तिकडचा बाजार. त्यामुळं आपल्याकडचा होतकरू रसिक ज्या फळाचा फक्त जॅम खाल्लाय त्याचा वास आल्याचं शपथेवर सांगतो. मला विचारलं तेव्हा मी खरं काय ते सांगितलं. दुसऱ्या ग्लासात, शनँ ब्लाँमध्ये, पाड लागलेल्या पेरूचा वास होता. आणि तिसऱ्यात, शिराझमध्ये, जांभूळ. नुसतं जांभूळ नव्हे, पहिल्या पावसानंतर रस्त्यावर पडून गाडीच्या चाकाखाली आलेलं जांभूळ. मुलीनं चमकून माझ्याकडं बघितलं आणि कागदावर काही तरी लिहून घेतलं. इतक्या वर्षांत माझं कोणी असं लिहून घेतलं नव्हतं. बँकेत मीच लिहून घ्यायचो.

मग तो शिराझचा घोट तोंडात घोळवला आणि गालाच्या आतल्या बाजूला कोणी तरी खरडपट्टी केल्यासारखं झालं. “टॅनिन्स!” मुलगी आनंदानं म्हणाली. साल, बी आणि देठ यांतून तो पदार्थ येतो, लाळेतल्या प्रथिनांना धरतो आणि तोंड कोरडं करतो. वाइनवरची इंग्रजी पुस्तकं याला चव म्हणत नाहीत, स्पर्श म्हणतात, आणि मग तो समजावून सांगायला मखमल, रेशीम, सँडपेपर असं अख्खं कापड दुकान आणि हार्डवेअर उघडतात. आपल्याकडं एक शब्द पुरतो. तुरट. षड्रसांतला सहावा, कषाय. आवळा, कच्चं टेंभरू, सुपारी, बेहडा खात वाढलेल्या माणसाला टॅनिन शिकवायचं म्हणजे पोहणाऱ्याला आंघोळ शिकवायची. आवळा खाऊन वर पाणी प्यायचं आणि ते गोड लागायचं, हा खेळ आम्ही पाचवीत करायचो. तेव्हा कोणी आम्हाला जाणकार म्हणालं नाही.

शेजारच्या टेबलावर एक मुंबईचे गृहस्थ होते. ते प्रत्येक घोट तोंडात फिरवून समोरच्या भांड्यात थुंकत होते. मी विचारलं. मुलगी म्हणाली, व्यावसायिक परीक्षक वाइन गिळत नाहीत, दिवसाला पन्नास-साठ चाखायच्या तर थुंकावंच लागतं. त्या भांड्याला तिनं इंग्रजी नाव सांगितलं, पण आपल्याकडं पिकदाणी हा शब्द पेशव्यांपासून आहे. आता बघा. खर्रा खाणाऱ्या विदर्भात जन्म घेतलेल्या माणसाला थुंकण्याची विद्या कोणी शिकवायची? आमच्या चौकातल्या पानठेल्यावर पन्नीत खर्रा घोटून घेताना सुपारी किती, चुना किती, तंबाखू किती, यावर जी सूक्ष्म चर्चा होते ती ऐकून फ्रेंच माणूस वही काढील. आणि नंतरची पिचकारी! चालत्या एसटीच्या खिडकीतून, वाऱ्याचा अंदाज घेऊन, स्वतःच्या बाहीला थेंब न लागू देता. मुंबईकराचा अर्धा घोट टेबलावर सांडत होता. मी खर्रा सोडून वीस वर्षं झाली, तरी राहवलं नाही. चौथा घोट घेतला, घोळवला, आणि पिकदाणी दोन टेबलं पलीकडं होती तिथं बसल्या जागेवरून नेम धरून सोडला.

नेम चुकला नाही. पण पुढचा ग्लास मला त्यांनी जरा लांबून दिला.

तो पाचवा ग्लास ‘रिझर्व्ह’चा, ओकच्या पिंपात ठेवलेला. मुलगी म्हणाली, ही एज झालेली आहे. हिनं दुसऱ्यांदा तोंड उघडलं, “मुरलेली म्हण ना बाई.” एका शब्दात तिनं सगळा धडा आटोपला. आपल्याकडं लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, पुढारी मुरतात. मुरण्याचा मामला मात्र वाइनमध्ये जरा उलटसुलट आहे. पहिली गोष्ट म्हणजे जगातली बहुतेक वाइन मुरवायची नसतेच, दोन-चार वर्षांत पिऊन टाकायची असते. जुनी तितकी चांगली हा समज सिनेमातून आलाय. दुसरी गंमत रंगाची. तांबडी वाइन वय वाढेल तशी फिकी होते, जांभळ्याची लाल, लालाची विटकरी, आणि गाळ तळाशी बसतो. पांढरी मात्र वय वाढेल तशी गडद होते, सोनेरी, मग मधासारखी. आमच्या कॉलनीत हेच चाललंय. ज्यांचे काळे होते त्यांचे पांढरे झाले आणि ज्यांचे पांढरे झाले होते त्यांचे परवापासून काळे आहेत.

आणि मुरवायची तर ती बारा-चौदा अंशांत, अंधारात, बाटली आडवी ठेवून, म्हणजे बूच ओलं राहतं. बारा अंश! वर्ध्याचा मे महिना पंचेचाळीसच्या पुढं जातो. घरातली सर्वांत थंड जागा म्हणजे कूलरच्या वाळ्यासमोरची, आणि तिथं सासूबाई आडव्या असतात.

आमच्याकडं मुरण्याचा वेगच निराळा. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला, तो आमच्या मगनवाडीत. जे. सी. कुमारप्पा तिथले सूत्रधार. ताडाच्या आणि शिंदीच्या नीरेपासून गूळ करायचा प्रयोग या मंडळींनी नेटानं चालवला, म्हणजे झाड तेच राहावं आणि ताडी होऊ नये. नीरा ज्यांनी प्यायली आहे त्यांना ठाऊक आहे, रात्रभर मडक्यात ठिबकते, सूर्य उगवायच्या आत प्यावी. थंड, गोड, किंचित नारळासारखी. मग ऊन चढतं आणि हवेतलं खमीर कामाला लागतं. फ्रान्समध्ये वाइनला तारुण्यातून प्रौढपणात यायला दहा वर्षं लागत असतील. आमची नीरा सकाळी सहाला कुमारिका, दहाला वयात आलेली आणि दुपारी एकला पोलीस केस.

परत येताना मी त्या रिझर्व्हची रिकामी बाटली मागून घेतली. आकार झोकदार, लेबल देखणं, खरं बूच. सेवाग्राम एक्स्प्रेसनं आलो. त्या गाडीच्या नावाचा विचार मी तोवर केला नव्हता. रात्रभर हिनं केला. पहाटे पुलगावच्या अलीकडं गाडी वर्धा नदीच्या पुलावर खडखडली, तशी ही उठून बसली. “जिल्हा लागला,” म्हणाली, आणि बाटली माझ्या पिशवीतून काढून जावयाच्या आईनं दिलेल्या बेदाण्यांच्या डब्याखाली दडपली. मी म्हटलं, “अगं, रिकामी आहे.” म्हणाली, “भरलेली असती तर काय कोणी घाबरलं असतं? रिकामीचा जाब द्यायला लागतो, कोणी रिकामी केली म्हणून.”

कॉलनीत बातमी आमच्या आधी पोहोचली होती. संध्याकाळी ओट्यावर तिघं हजर. एक निवृत्त मुख्याध्यापक, एक माझ्याच बँकेतले साहेब, आणि आमचे जमादार. जमादार एकतीस वर्षं पोलिसात होते, गळ्यात माळ, आयुष्यात थेंब घेतला नाही. “इवायानं पाजली म्हणते?” साहेबांनी विचारलं. मी ताठ बसून त्यांना सगळं सांगितलं. १९७६ची पॅरिसची गोष्टही सांगितली. २४ मे, म्हणजे आपल्याकडं नवतपा लागायचा आदला दिवस. नऊ फ्रेंच परीक्षकांसमोर नावं झाकून फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन ठेवल्या. एक परीक्षक एक घोट घेऊन सुटकेचा श्वास टाकून म्हणाला की आता कुठं फ्रान्सला परतलो, आणि ती निघाली कॅलिफोर्नियाची. शेवटी पांढऱ्यात आणि तांबड्यात, दोन्हींत पहिला नंबर अमेरिकेला. पुढं २००१मध्ये बोर्दोच्या एका संशोधकानं, फ्रेडेरिक ब्रोशेनं, चौपन्न विद्यार्थ्यांना पांढरी वाइन खाण्याचा लाल रंग घालून दिली, तर वाइनचंच शिक्षण घेणाऱ्या त्या पोरांनी तिचं वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केलं.

“म्हणजे डोळे पितात, जीभ सही करते,” मुख्याध्यापक म्हणाले. “पण आपल्या जिभेले असं कोणी फसवू शकत नाही.”

हे वाक्य त्यांनी म्हणायला नको होतं. दुसऱ्या दिवशी मी दोन जग लिंबू सरबत केलं, एकाच पातेल्यातून ओतून. एकात बीट किसून पिळलं. तिघांना बोलावलं आणि म्हटलं, नाशिकहून दोन सरबतं आणलीत, ओळखा. ग्लास तिरपे झाले, फिरले. मुख्याध्यापकांनी लाल सरबताचा घोट घेतला, डोळे मिटले. “जांभूळ. बी काढून, गाळून घेतलेलं. मागून थोडा तुरटपणा येते.” साहेब म्हणाले, “नाही सर, कोकम आहे हे, कोकणातलं, शुगरवाल्यांना चांगलं.” दोघांत जुंपली. मुख्याध्यापक तर त्या जांभळाच्या झाडाच्या जातीपर्यंत पोहोचले.

जमादारांनी ग्लास ओठाला लावलाच नव्हता. नाकाखाली धरला, दोन इंच, सरळ. फिरवलाही नाही.

“निंबू,” म्हणाले. “अन् बीट. बीट कच्चं हाये. ह्या दुसऱ्यात नुसतं निंबू. पातेलं एकच हाये. सकाळी त्याच्यात दूध तापवलं होतं वहिनीनं.”

मी ग्लास खाली ठेवला. दोघं वादी गप्प झाले.

मग जमादारांची कहाणी निघाली. एकतीस वर्षांतली निम्मी मोहाच्या भट्ट्या फोडण्यात गेली. नदीकाठी, झुडपात, जमिनीत पुरलेले ड्रम, त्यात मोहाचा सडवा. पंचांसमक्ष पंचनामा करायचा. “सारेच लिवत, द्रव पांढरट, वास उग्र व आंबट. मले ते पटे नाही. उग्र म्हणजे काय? मी बराबर लिवो. मोहफूल जुनं, गूळ काळा, नवसागर जास्त, सडवा चार दिवसांचा. अन् भट्टीचं लाकूड बाभळीचं. साहेब म्हणे, जमादार, हा गुन्हा हाये, पाककृती नाही.” थोडं थांबून म्हणाले, “पण त्याच्यावरून मी सांगो, हा माल कोणाच्या हातचा. वास लपत नाही, भाऊ. हात बदलला की वास बदलते.”

तेवढ्यात ही भाकरी आणि जवसाची चटणी घेऊन बाहेर आली. चटणीवर घालायला तेलही आणलं. माझी ती नाशिकची बाटली तिनं साबणानं तीनदा धुऊन, उन्हात वाळवून, लेबल खरवडून, जवसाचं ताजं घाण्याचं तेल भरायला घेतली होती. बुचाचा ‘टक’ असा आवाज झाला. तेलाचा तो कडवट, हिरवट दरवळ ओट्यावर पसरला. जवसाचं तेल म्हणजे आमच्याकडं दुसरं काही नाकात शिरायची सोय नाही.

जमादारांनी मान वळवली. हात पुढं केला. हिनं बाटली दिली. त्यांनी ती आधी न हुंगता बूच घेतलं, त्याची ओली बाजू बघितली, नाकाशी नेलं आणि कापसाच्या ग्रेडरसारखं लांब कुठं तरी बघत राहिले. मला माझ्या वडलांसारखं वाटायला लागलं, गाडीजवळ उभं राहिल्यासारखं.

“जवस ह्या वर्षीचं हाये,” ते म्हणाले. “पण ते वर हाये. त्याच्याखाली लाकूड हाये, जळालेलं. बाभूळ नाही, सागवान नाही, इकडचं झाडच नाही ते.” पुन्हा एकदा हुंगलं. “अन् त्याच्याखाली जांभूळ.”

“पाहा!” मुख्याध्यापक ओरडले. “मी काय म्हणलो होतो?”

ही आत गेली. तेल दुसऱ्या डब्यात ओतल्याचा आवाज आला, मग नळाचा, आणि बराच वेळ नळाचाच.

जमादार अजून बूच हातात घेऊन बसले होते. ते त्यांनी मला परत दिलं नाही. जाताना सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकलं, माळेच्या जवळ. मी बघितलंय हे लक्षात आल्यावर म्हणाले, “मुद्देमाल.”